पंढरपूर कोणासाठी ?

ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूहून तुकोबांची आणि अष्टमीला आळंदीहून ज्ञानोबांची पालखी निघते आणि लवकरच दोन्ही पालख्यांचा मुक्काम पुण्यात पडतो. नाना पेठेतील निवडुंग्या विठोबा आणि भवानी पेठेतील पालखी विठोबा या देवळांपुढे त्या दिवसांत जी दाटी होते ती ज्याने डोळ्यांनी पाहिली नाही असा पुणेकर विरळा. कचेऱ्यांतील मंडळी रस्त्याच्या कडेला उभी राहून केळी, राजगिऱ्याचे लाडू, पाण्याच्या बाटल्या वाटतात; कोणी म्हाताऱ्या वारकऱ्याचे पाय चेपतो; अलीकडे संगणकाच्या धंद्यातील तरुण-तरुणीही आळंदी ते पुणे एवढी एक दिवसाची वाटचाल हौसेने करतात. या साऱ्यात छायाचित्रांची हौस असते, तसा खरा उमाळाही असतो, आणि त्या उमाळ्याची थट्टा करण्याचे आम्हास कारण नाही. परंतु पालख्या हडपसरच्या पुढे गेल्या आणि एक दिवेघाटाच्या व दुसरी लोणीच्या वाटेला लागली, म्हणजे पुणेकराचा पंढरपुराशी असलेला संबंध त्या वर्षापुरता संपला, असे आपण सर्वजण धरून चालतो. तो संबंध तसा संपत नाही, किंबहुना वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस तो अखंड चालू असतो, आणि तो कोणत्या स्वरूपाचा आहे हे सांगण्यासाठीच आजचा हा लेख आहे.

निमित्त अर्थात पंढरपूरच्या विकासाचे आहे. काशी विश्वनाथाच्या परिसराचे नवे रूप १३ डिसेंबर २०२१ रोजी लोकांपुढे आले आणि तेव्हापासून देशातील प्रत्येक मोठ्या तीर्थक्षेत्रास आपणही तसेच व्हावे असे वाटू लागले, अथवा त्यास तसे वाटते असे त्याच्या वतीने इतरांनी ठरवून टाकले. पंढरपूरच्या 'कॉरिडॉर'ची चर्चा २०२२ पासून सुरू आहे. (या शब्दाला मराठी प्रतिशब्द शोधण्याची तसदी फारशी कोणी घेतलेली दिसत नाही, जी वस्तू आपल्या भाषेत मावत नाही ती आपल्या गावात मावेल काय, ही शंका शिक्षकी पेशात अर्धे आयुष्य घालविलेल्या माणसाची म्हणून वाचकांनी सोडून द्यावी.) देवळाभोवतीच्या गल्ल्या रुंद कराव्यात, देऊळ आणि घाट यांमध्ये मोकळा प्रशस्त मार्ग असावा, गर्दीत चेंगराचेंगरी होऊ नये, अशी या योजनेची मांडणी आहे. ज्यांचे वाडे, मठ आणि दुकाने त्या मार्गात येतात ते चिंतेत आहेत, आणि त्यांनी मोर्चे काढून आपली हरकत नोंदविली आहे. एका बाजूस भाविकांची सोय आणि दुसऱ्या बाजूस मूठभर घरमालकांचा स्वार्थ, असे या वादाचे चित्र रंगविणे सोपे आहे. ते चित्र अपुरे आहे, असे आमचे मत आहे.

पंढरपूरचे धार्मिक माहात्म्य नेमके कशात आहे, हा प्रश्न आधी विचारला पाहिजे. पुराणकथा सर्वांस ठाऊक आहे : आईबापांची सेवा करणाऱ्या पुंडलिकाने दारी आलेल्या देवास वीट फेकून दिली आणि थांबावयास सांगितले. इतिहासाच्या दृष्टीने पाहू गेल्यास देवळातील होयसळ राजा सोमेश्वराच्या वेळचा १२३७ चा शिलालेख आणि रामदेवराव यादवाच्या काळातला, १२७३ पासूनच्या देणग्यांची नोंद करणारा 'चौऱ्यांशीचा' शिलालेख ही पुरावनाची भक्कम साधने आहेत. या देवास संतांनी 'कानडा' म्हटले; हंपीस विजयनगरच्या राजांनी बांधलेले विठ्ठलाचे भव्य मंदिर आजही उभे आहे आणि एकनाथांचे पणजे भानुदास यांनी तिकडून मूर्ती परत आणली ही परंपरा महाराष्ट्रात घरोघर सांगितली जाते. रा. चिं. ढेरे यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' या ग्रंथात गोपजनांच्या देवापासून निघून हा देव किती लोकांचा होत गेला त्याचा शोध घेतला आहे. जिज्ञासूंनी तो मुळातूनच वाचावा.

आम्हास येथे त्याहून साध्या गोष्टीकडे लक्ष वेधावयाचे आहे. विठोबाच्या हाती शस्त्र नाही. हात कमरेवर आहेत. त्यास नवस बोलण्याची वारकऱ्याची रीत नाही. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे येथे देवाच्या पायांवर प्रत्यक्ष डोके ठेवता येते. भारतातील बहुतेक मोठ्या देवस्थानांत गाभाऱ्याचा उंबरठा ही सामान्य भक्ताची सीमा आहे, तेथे पुजारी हाच देव आणि भक्त यांमधला दुवा असतो. पंढरपुरात रांगेतील प्रत्येक शेतकरी बाई-बाप्या गाभाऱ्यात जाऊन आपले कपाळ त्या दगडी पावलांवर टेकतो. या स्पर्शाने मूर्तीची झीज होते, तिच्यावर वेळोवेळी लेप द्यावा लागतो, २०२० साली पुन्हा तो दिला गेला. तरीही 'आता दुरूनच दर्शन घ्या' असे कायमचे सांगण्याची हिंमत कोणाची होत नाही, आणि होऊ नये. २०२४ साली मंदिराच्या जीर्णोद्धाराच्या कामासाठी मार्चच्या मध्यापासून जून उजाडेपर्यंत पदस्पर्श बंद ठेवावा लागला, तेव्हा तो पुन्हा केव्हा सुरू होणार याचीच विचारणा गावोगाव चालली होती.

परंतु हा जो स्पर्श, तो सर्वांस नव्हता. ही गोष्ट दडवून पंढरीचे माहात्म्य गाणे म्हणजे आत्मवंचना होय. चोखोबांची समाधी महाद्वारापुढे आहे, नामदेवांच्या पायरीसमोर आहे, देवळात नाही. वारकरी तिला वंदन करून आत जातो. मंगळवेढ्यास कुसवाचे काम चालले असता ते कोसळून ज्याचा अंत झाला त्या भक्ताच्या अस्थी देवळाच्या दारापर्यंत आल्या आणि त्याच्या जातीची माणसे पुढे सहा शतके त्या दारापर्यंतच येत राहिली. रमाबाईंनी पंढरपुरास जाण्याची इच्छा बोलून दाखविली तेव्हा, जी पंढरी आपल्या भक्तांस दूर ठेवते तिचे काय प्रयोजन, आपण दुसरीच पंढरी निर्माण करू, अशा आशयाचे उत्तर डॉ. आंबेडकरांनी त्यांस दिले, हे त्यांच्या चरित्रात नमूद आहे. साने गुरुजींनी महाराष्ट्रभर दौरा करून, लोकमत जागे करून, १ मे १९४७ रोजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण आरंभिले. १० मे रोजी ते सुटले आणि देऊळ अस्पृश्यांस खुले झाले. दार उघडण्यापूर्वी देवाचे तेज घागरीतील पाण्यात काढून ठेवण्याचा विधी काही सनातन्यांनी केला, अशी हकीकत प्रसिद्ध आहे. मूर्तीच्या पायांशी जे लोक आले त्यांना त्या घागरीची मातबरी वाटली नाही, आणि आज ती घागर कोठे आहे हे कोणी विचारीतही नाही.

पुढची लढाई कोर्टकचेरीची होती. बडवे विठ्ठलाकडचे, उत्पात रुक्मिणीकडचे, आणि पुजारी, बेणारी, परिचारक, हरिदास, डिंगरे, दिवटे, डांगे हे सात सेवाधारी अशी तेथील वंशपरंपरागत व्यवस्था होती. देवापुढे पडलेल्या पैशावर कोणाचा हक्क किती, याची तेथे सूक्ष्म गणिते होती आणि भाविकांची अडवणूक हा वारकऱ्यांच्या तक्रारीचा नित्याचा विषय होता. नाडकर्णी आयोग नेमला गेला, १९७३ साली पंढरपूर मंदिरे कायदा झाला, आणि त्यानंतर चाळीस वर्षे खटले चालून जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वंशपरंपरागत हक्कांचा दावा अखेर फेटाळला. त्याच वर्षी मंदिर समितीने पुजारीपदासाठी सर्व जातींच्या स्त्री-पुरुषांकडून अर्ज मागविले. या घटनेचे महत्त्व आपल्या सुशिक्षित वर्गाने पुरेसे ओळखले नाही. शतकानुशतके कुळाकडे असलेला पूजेचा मान परीक्षा देऊन मिळावयाची जागा ठरली, ही धर्मसुधारणेच्या इतिहासातील लहान गोष्ट नव्हे. त्याच गावात, नदीच्या पात्रात उभ्या असलेल्या पुंडलिकाच्या देवळात महादेव कोळी पुजारी आधीपासूनच पूजा करीत आले होते, याचा मात्र दोन्ही पक्षांना वादाच्या भरात विसर पडला होता.

म्हणजे पंढरपूरचे माहात्म्य हे तयार मिळालेले नाही. ते लोकांनी एकेक पायरी चढून मिळविले आहे. इरावती कर्वे दिंडीबरोबर चालल्या तेव्हा दिवसभर एकत्र भजन करणारी माणसे संध्याकाळी जातवार वेगळाल्या पंगतींस बसतात, हे त्यांच्या नजरेतून सुटले नाही, आणि 'वाटचाल' या लेखात त्यांनी ते लपविलेही नाही. त्या पंगती आज पूर्वीइतक्या कडक राहिलेल्या नाहीत. तथापि वारीत समता आपोआप नांदते असे मानून डोळे मिटणे सोयीचे असले तरी खरे नाही. तिच्यासाठी कोणाला तरी उपाशी बसावे लागले आहे.

ही पार्श्वभूमी ध्यानी घेतली म्हणजे आजचा प्रश्न कोणता, हे कळू लागते. मंदिराचे दार उघडले. परंतु वारी संपल्यानंतर पंढरपूर साफ कोण करतो? गावाची कायम वस्ती लाखाच्या आसपास. आषाढीस तेथे दहा-बारा लाखांवर माणूस जमतो. इतक्या लोकांना प्रातर्विधीसाठी जागा पुरेशी नव्हती, तेव्हा नदीचे वाळवंट आणि गावच्या कडेची मोकळी जमीन हीच ती जागा होती, आणि द्वादशीनंतर ती हाताने साफ करण्याचे काम ज्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या होते त्यांची जात सांगावयास नको. हाताने मैला उचलण्यास बंदी करणारा कायदा १९९३ सालचा, दुसरा अधिक कडक कायदा २०१३ सालचा. तरी पंढरपूरच्या वारीतील या प्रकाराविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात दाद मागावी लागली. न्यायालयाने शौचालयांचा तपशीलवार हिशेब मागितला, वाळवंटात राहुट्या ठोकण्यावर निर्बंध घातले. वारकरी मंडळींनी त्यास हरकत घेतली तेव्हा वारीच्या दिवसांपुरती मुभा मिळाली. नदीपलीकडे ६५ एकरांचा तळ उभा राहिला, फिरती शौचालये आली. या सुधारणा खऱ्या आहेत, त्यांचे श्रेय ज्याचे त्यास दिलेच पाहिजे. ज्या गोष्टीसाठी धर्माचार्यांनी आणि कीर्तनकारांनी पूर्वीच आवाज उठवावयास हवा होता, त्यासाठी न्यायमूर्तींना बोलावे लागले एवढाच खेद आहे. चोखोबा पायरीशी राहिले म्हणून डोळे पुसणाऱ्या आपल्या समाजाला सफाई कामगाराच्या हातातील खराटा दिसला नाही.

आता नदी. आम्ही शाळेत शिकवीत होतो तेव्हा सातवीच्या मुलांकडून भीमेच्या खोऱ्याचा नकाशा काढवून घेत असू. मुले निळ्या पेन्सिलीने नद्या काढीत. भीमाशंकरी उगम पावणारी भीमा. तिला तुळापुरास मिळणारी इंद्रायणी. पवना मुळेला, मुळा मुठेला, आणि मुळामुठा पुढे रांजणगाव सांडसपाशी भीमेला. खाली नीरा नरसिंहपुरास मिळणारी नीरा. आणि मग पंढरपुरास चंद्रकोरीसारखे वळण घेते म्हणून जिला चंद्रभागा म्हणतात तीच भीमा. नकाशा बरोबर आला की दहापैकी नऊ गुण. तो नकाशा आज पुन्हा उघडून पाहावा. इंद्रायणीच्या काठी देहू आहे, आळंदी आहे, आणि त्या दोहोंच्या शेजारी पिंपरी-चिंचवडचे कारखाने आणि वसाहती आहेत. आळंदीच्या घाटाला पांढरा फेस लागल्याची छायाचित्रे वृत्तपत्रांत वरचेवर येतात आणि त्याच फेसात उभे राहून वारकरी आचमन करतात. मुळामुठेबद्दल पुणेकरांस काही सांगण्याची आवश्यकता नाही. ते पुलावरून जाताना नाकाला रुमाल लावतातच.

हे सर्व पाणी उजनीच्या धरणात जमते. १९८० साली ते धरण पुरे झाले, सोलापूर जिल्ह्याचा ऊस त्यावर पोसला गेला, आणि पंढरपुरास भीमा वाहावयाची की नाही हे पावसाबरोबर पाटबंधारे खातेही ठरवू लागले. आषाढीचे स्नान व्हावे म्हणून धरणातून पाणी सोडण्याची विनंती करावी लागते व तसे पाणी सोडण्यातही येते. म्हणजे होते ते असे : ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका खांद्यावर-रथावर घेऊन वारकरी अडीचशे किलोमीटर पायी पंढरपुरास जातो, आणि त्याच देहू-आळंदीची, त्याच पुण्याची घाण नदीवाटे त्याच्या आधी तेथे जाऊन पोहोचलेली असते. वाटेत ज्याला आपण केळे आणि पाण्याची बाटली दिली, तोच चंद्रभागेत उभा राहून आपण सोडलेले पाणी ओंजळीत घेतो. पुणेकराचा पंढरपुराशी असलेला अखंड संबंध म्हणून आरंभी आम्ही म्हटले तो हा. एकोणिसाव्या शतकात पंढरपूरची वारी पटकीसाठी कुप्रसिद्ध होती आणि त्या वेळी दोष अडाणी यात्रेकरूच्या माथी मारला जाई. आजचा दोष त्या यात्रेकरूचा नाही. तो नळ, संडास, धुलाईयंत्र आणि मालमत्ताकराची पावती असलेल्या सुशिक्षितांचा, म्हणजे हे पत्र वाचणारांचा आणि लिहिणारांचा आहे.

सरकारने २०१६ साली 'नमामि चंद्रभागा' या नावाची योजना जाहीर केली. नाव सुरेख आहे. परंतु चंद्रभागा पंढरपुरात शुद्ध होऊ शकत नाही, ती पुण्यातच शुद्ध झाली पाहिजे, ही साधी भूगोलाची गोष्ट आहे. घाटास संगमरवर लावल्याने पाण्यातील मैला कमी होत नाही. पुणे व पिंपरी-चिंचवड या दोन महानगरपालिकांनी आपल्या सांडपाण्याचा शेवटचा थेंबही शुद्ध केल्याखेरीज नदीत सोडता कामा नये. हा खर्च पुणेकरांचा आहे, देवस्थानाच्या दानपेटीतून तो मागण्याचे कारण नाही. पालख्यांच्या वाटेवरचे राष्ट्रीय महामार्ग रुंद करण्याच्या कामाचा शिलान्यास पंतप्रधानांच्या हस्ते ८ नोव्हेंबर २०२१ रोजी झाला आणि ते काम पुष्कळ पुढे गेले आहे. रस्त्यासाठी जी तत्परता दिसली तिचा निम्मा अंश तरी नदीच्या वाट्यास यावा, ही अपेक्षा अवास्तव खचित नाही.

या दृष्टीने 'कॉरिडॉर'कडे पाहिले म्हणजे आमचा आक्षेप स्पष्ट होईल. गर्दीच्या दिवशी महाद्वार घाटाच्या उतारावर माणसाच्या जिवाला धोका असतो, आणि तो टाळण्यासाठी काही बांधकामे हलवावी लागली तर त्यास विरोध करणे योग्य नव्हे. परंतु काशी आणि पंढरी यांत भेद आहे. काशीस यात्रेकरू वर्षभर थोडथोडे येतात, विधी करून परततात. पंढरपुरास वर्षातून चार वाऱ्यांना, आषाढी, कार्तिकी, माघी आणि चैत्री यांना, एकदम लोट येतो व तो काही रात्री गावात राहतो. कोठे राहतो ? ज्या वाड्यांवर आता लाल खुणा पडण्याची भीती आहे त्यांच्याच पडव्यांत आणि ओसऱ्यांवर, फडकऱ्यांच्या मठांत, वर्षानुवर्षे त्याच घरी, त्याच कोपऱ्यात. लातूरकडील एखाद्या दिंडीचा आणि पंढरपुरातील एखाद्या घराचा संबंध तीन-तीन पिढ्यांचा असतो. भाडे असते, पण नाव घेऊन विचारपूसही असते. या घरमालकांत लोभी कोणी नाहीत असे आम्ही म्हणत नाही. मात्र त्या पडव्या पाडून तेथे मोठी मोकळी फरसबंदी केली आणि वारकऱ्यास हॉटेलाच्या दारात उभे केले, तर वाढलेली सोय कोणाची ? ज्याच्या खिशात खोलीचे भाडे आहे त्याची. योजनेचा आराखडा मराठीत छापून प्रत्येक फडाकडे, प्रत्येक दिंडीप्रमुखाकडे पाठवावा आणि त्यांची मते लेखी घ्यावीत, एवढी मागणी तरी अवाजवी नाही. ज्यांच्यासाठी हे सारे चालले आहे त्यांनाच अद्याप कोणी नीट विचारलेले नाही.

दर्शनाच्या रांगेविषयीही असेच. आषाढीच्या रांगेत वीस-वीस तास उभी राहिलेली माणसे आम्ही पाहिली आहेत. एकादशीच्या पहाटे मुख्यमंत्री शासकीय महापूजा करतात आणि रांगेतील एका वारकरी दांपत्यास त्यांच्याबरोबर पूजेचा मान मिळतो. प्रथा जुनी आहे, ती असावी. पण मंत्र्यांमागून आमदार, आमदारांमागून अधिकारी आणि अधिकाऱ्यांमागून त्यांचे आप्तेष्ट आत जाऊ लागले की रांग जागच्या जागी थिजते. बडव्यांची मिरास मोडावयास चाळीस वर्षे लागली. ओळखपत्राची ही नवी मिरास मोडण्यासाठी मात्र नवा कायदा नको आहे, वारीच्या पाच दिवसांत कोणतीही शिफारस चालणार नाही असा मंदिर समितीचा एक ठराव आणि तो पाळण्याचा निर्धार पुरे आहे.

करोनाच्या साथीत २०२० आणि २०२१ या दोन्ही वर्षी पादुका एस. टी. बसमधून पंढरपुरास नेल्या गेल्या. देव जागेवर होता, देऊळ जागेवर होते, पूजा झाली, आणि रस्ते, घाट, वाळवंट सारे मोकळे होते. गर्दी नसलेले, स्वच्छ, शिस्तीचे पंढरपूर त्या दोन आषाढींना सर्वांनी दूरदर्शनवर पाहिले. ते पाहून कोणाही मराठी माणसाला बरे वाटले नाही. या वर्षीच्या पालख्या पुण्यातून पुढे गेल्या की महानगरपालिकेच्या सभेत सांडपाण्याचा विषय निघतो की नाही, हे आम्ही या पत्रातून वाचकांस कळवीत राहू.